गेलाची डिस्क

त्याचं नाव गेला.
कुटाईसीत हे नाव असतं, क्रियापद नव्हे.
वय एकवीस, दाढीचं अजून ठरत नाहीये,
आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क,
गाडीखाली आलेलं मांजर आणावं तशी.

रिओनीच्या पुलापाशी, जिन्याखालच्या खोबणीत
एमझारीचं दुकान. तो आधी टॉवेल सोडवतो,
त्याची नीट घडी घालतो, मग विचारतो,
"नंतर काही लिहिलंस हिच्यावर?"
"नाही."
"खरं सांग."
"एक गेम टाकला. अर्धाच."

झालं होतं ते एवढंच :
एका डिस्कचे दोन भाग करायचे होते,
इकडे जुनं सगळं, तिकडे खेळ.
रात्री दोनला पडद्यानं विचारलं, नक्की?
आणि आपण सगळ्याच पडद्यांना म्हणतो तसं
तो हो म्हणाला.
वाटणी झाली, पण भलत्याच रानाची.
घरं जागेवर, माणसं आत,
दारांवरच्या पाट्या तेवढ्या कोऱ्या.

"तसं काहीच जात नाही रे," एमझारी म्हणतो,
"त्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत."

मग दीड दिवस नुसती नक्कल.
मूळ डिस्कला हात लावायचा नाही, हा त्याचा सोवळेपणा.
मध्येच एका पट्ट्यात ती कण्हायला लागली,
तेव्हा त्यानं पंखा तिच्याकडे वळवला
आणि स्वतः घाम पुसत बसला.
गेला दोनदा पाव घेऊन आला. चीज आतून गार झालेलं.

फोटो आले. बारा हजार चारशे, बिननावाचे,
नुसत्या आकड्यांचे, कैद्यांसारखे.
नातेला, त्याची आई, नऊ वर्षं बारीत
परक्या म्हातारीचं अंग पुसते.
तिनं पाठवलेली खिडकी, खिडकीतली तुळशीसारखी कुंडी,
चाकाच्या खुर्चीतली सिन्योरा,
आणि एकात ती स्वतः :
भुवयांपर्यंत आई,
त्याखाली राखाडी पट्टा, थेट तळापर्यंत.
"इथंच तुझा गेम बसला," एमझारी म्हणाला.

मग आवाज. त्यांना तारखाही नाहीत.
ऐकून लावावेत म्हटलं, तर प्रत्येक निरोप सुरू होतो
"देदा" पासून.
देदा म्हणजे आई.
तिकडे आई लेकरालाही त्याच हाकेनं बोलावते.
कोण कुणाला, कुठल्या साली,
काही कळायला मार्ग नाही.

शोधणाऱ्या प्रोग्रामला हरवलेलं आणि पुसलेलं
यातला फरक समजत नाही.
जे सापडेल ते तो आणून टाकतो, इमानी कुत्र्यासारखा.
म्हणून तेही आलं : चाळीस सेकंद,
स्वयंपाकघर, चौदा वर्षांचा गेला,
कॅमेऱ्याकडे न बघता :
ईस्टरला येऊ नकोस. आम्हाला सवय झालीये.

एमझारीनं आवाज बंद केला, जरा उशिरा.
"पाठवला होतास?"
गेला टॉवेलाची घडी मोडत राहिला.
"पाठवला होता. मग इथून पुसला."
"ती काय म्हणाली?"
"काही नाही. कधीच काही नाही."

आठ वाजले. पुलावर दिवे लागले.
राहिलेले निरोप एकामागून एक
चालू होते, कुणी विशेष ऐकत नव्हतं,
बटाट्याचे भाव, मोज्यांचं माप,
आणि मध्येच, भांड्यांच्या आवाजात :
देदा, तो व्हिडिओ उघडत नाहीये रे इकडे.
राहू दे. परत नको पाठवूस.

कुठला व्हिडिओ? कुठलं साल?
एमझारीनं फाईल चार वेळा उघडून पाहिली.
तारखेच्या जागी शून्यं.

दुकान बंद करायची वेळ टळून गेली.
त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं,
चहा टाकला, दोन कप काढले.
गेला गेला नव्हता.
"ते चाळीस सेकंद घेऊ का नव्या डिस्कवर?"
"घ्या," तो म्हणाला. मग, "नाव मी देईन."
आणि कीबोर्डवर बोटं ठेवून
कितीतरी वेळ बसून राहिला.