चाळिसावी ओळ

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, धरून चालायला.
आमच्या कचेरीत धरायची ती एकच ओळ होती,
सेटिंग्जच्या फाइलीतली चाळिसावी:
सी, कोलन, युझर्स, आन्सेल्मो, टूल्स, कंपायलर.

आन्सेल्मो गेला.
त्याचा विंडोज संगणक पुसून गोदामात ठेवला.
ओळीला कुणी हात लावला नाही.
नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी सांगायचो,
आन्सेल्मो नावाचा फोल्डर कर आधी,
त्याशिवाय सामुद्रधुनीच्या भरती-ओहोटीचं गणित
बिल्डच होत नाही.
नाउएलनं तर लिनक्सवर
बॅकस्लॅशसकट अख्खा पत्ता
एकाच फाइलीचं नाव म्हणून देऊन ठेवला होता
आणि वर्षभर कुणाला बोलला नव्हता.

जूनमध्ये दानित्सा आली, मॅक घेऊन.
"हा आन्सेल्मो कोण?"
कुणी मान वर केली नाही.
मी म्हटलं, पाथ आहे एक.

मग बसलेच.
सकाळी दहाला उजाडतं तेव्हा मी
तिरप्या रेघा उलट्याच्या सुलट्या करत होते.
'मारेया'तला मोठा एम, छोटा एम:
त्याच्या संगणकाला दोन्ही सारखेच,
लिनक्सला सख्खे नव्हेत, सावत्रही नव्हेत.
प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं अक्षर जादा,
टाइपरायटरचा दांडा मागे ओढायचे त्या काळातलं.
तेही वेचलं, हजारोंनी.

आता फाइल सांगत नाही
कंपायलर कुठे राहतो ते.
ती विचारते,
ज्याच्या त्याच्या यंत्राला:
तुझं घर कुठलं?
आणि मिळेल त्या उत्तरावर भागवते.

उरली चाळिसावी.
तिच्या शेजारी, स्क्रीनच्या कडेबाहेर,
सरकवत नेल्याशिवाय दिसणार नाही इतक्या लांब
त्याचीच टीप होती, अकरा वर्षांपूर्वीची:
तात्पुरतं आहे. सोमवारी बदलतो.

तीन यंत्रं, तिन्ही हिरवी.
दानित्सा म्हणाली, एवढंच होतं?
नाउएलनं त्याची ती लांबलचक फाइल
सगळ्यांना एकदा दाखवून
काढून टाकली, हसत.

माझ्याकडे तो फोल्डर अजून आहे.
रिकामा.
कशालाच लागत नाही.

ओळ मी बुधवारी बदलली.