आरसा उचलला जातो तेवढ्यात

पा साक नदीवरून वारा सुटला की
लुंग सोमपोंगच्या नूडलच्या गाडीपाशी
चार प्लास्टिकच्या स्टुलांवर चार जाणकार बसतात.
त्यातला एक माझा नवरा, थीरायुत.
लग्नं काढतो, भिक्षुदीक्षा काढतो,
पावसाळ्यात शाळांचे ग्रुप फोटो.

विषय एकच : येणारा कॅमेरा.
अजून कुणी पाहिलेला नाही,
म्हणून सगळ्यांना सगळं माहीत आहे.

पंचेचाळीस मेगापिक्सेल, बुन्सोंग म्हणतो, लाव पैज.
साठ, विरोत म्हणतो, नाहीतर घेणार कोण?
मानोपने वीस वर्षं बॉक्सिंगच्या रिंगणाला खेटून
दुसऱ्यांचा घाम लेन्सवर झेललाय.
तो म्हणतो, मेगापिक्सेल घाला चुलीत,
बॅटरी पाचव्या फेरीपर्यंत टिकेल का, ते बोला.

मग किंमत. मग कार्डं दोन की एकच.
मग एप्रिलच्या उन्हात, नवरदेवाची वरात
लांबट ढोल बडवत फाटकाशी अडलेली असताना
तापून बंद पडेल की नाही.
आला की कळेलच, बुन्सोंग म्हणतो,
हातच्या काकणाला आरसा कशाला?
आरसा नसतोच रे त्यात, विरोत म्हणतो,
आणि चौघं ठसका लागेपर्यंत हसतात.

थीरायुत हसता हसता म्हणतो,
पकड लहानच ठेवली असणार बघ.
बनवणाऱ्यांनी कधी दहा तास
कॅमेरा हातात धरलाय?

मी वाडग्यात शेंगदाण्याचं कूट ढवळते.

औद्योगिक वसाहतीत, तिसरी इमारत.
पांढरा कोट, टोपी, फोन बाहेर कपाटात.
दाराशेजारी भिंतीवर एक निळी रेघ,
माझ्या डोक्याच्या वीतभर वर :
पुराच्या वर्षी पाणी इथवर आलं होतं.
माझं काम व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचं.
राखाडी तक्ता बघायचा, मेलेला ठिपका शोधायचा,
नाही सापडला की पुढे सरकवायचा.
पाळीला दोनशेदहा वेळा.
मी सही केलेल्या कागदावर लिहिलंय, कुणालाही नाही.
नवऱ्याचं वेगळं नाव घालायची
त्यांना गरज वाटली नाही.

पकड लहान नाही.
करंगळीला नीट जागा आहे.
एवढंच वाक्य जिभेवर,
कढत मासळीच्या गोळ्यासारखं,
गिळता येत नाही, थुंकता येत नाही.

आणि दुसरं एक.
थीरायुतच्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा आहे.
बटण दाबलं की तो वर उचलला जातो, खट्,
आणि तेवढ्यापुरता अंधार.
अकरा वर्षांची लग्नं. हातावर पवित्र पाणी ओतणाऱ्या आया,
रडू दाबणारे बाप :
जो क्षण त्याने घेतला
नेमका तोच त्याने पाहिलेला नाही.
माझ्या टेबलावरच्या यंत्रात अंधार पडत नाही.
तक्ता दिसतच राहतो, दिसतच राहतो,
घरी येऊन डोळे मिटले तरी.

मला हवाय तो अंधार, मानोप म्हणतो, कुणी न विचारता.
तेवढ्यातच मी श्वास घेतो.

बिल देऊन ते तिघं जातात.
थीरायुत खिशातून दुकानाचा कागद काढतो,
चार घड्यांचा, कडांना मऊ पडलेला.
आताच्या मॉडेलवर सूट आहे, शनिवारपर्यंत. हप्त्यांनी.
घेऊ की थांबू?

सूप निवतंय, मी म्हणते.

तुला विचारतोय.

माझ्या तोंडातून ब्र निघत नाही.
मग तो गमतीने कॅमेरा उचलतो,
गाडीच्या पिवळ्या बल्बखाली माझ्यावर रोखतो,
म्हणतो, बघतोच कशी बोलत नाहीस.

खट्.

तेवढ्यात, त्या अंधारात,
मी मान हलवते. एकदाच, खाली.
थांब.

तो पडद्यावर वाकतो, चित्र मोठं करतो,
अजून मोठं करतो.
वाडगा, चमचा, माझे हात
अगदी स्वच्छ आलेत.

चेहरा हललाय, तो म्हणतो.
पुन्हा एक घेऊ?