गॅरेज

नोव्हेंबर लागला की माझी गाडी रस्त्यावर येते.
गॅरेजमध्ये बोगुमिलची झाडं जातात.
अकरा कुंड्या, सगळ्यात उंच झाड गुडघ्याएवढं,
आणि मी रोज पहाटे साडेपाचला
प्लास्टिकच्या पट्टीनं काचेवरचा बर्फ खरवडते.

सुवाल्कीची थंडी उंबऱ्याशी थांबत नाही,
थेट हाडांत येऊन बसते.

त्यातला थोरला प्रिव्हेट जुन्या दूधडेअरीच्या कुंपणातला.
डेअरी पाडली तेव्हा बुलडोझरपुढे
हा माणूस फावडं घेऊन उभा.
चाळीस वर्षं कात्रीखाली वाकलेलं खोड,
मुळं ओल्या पोत्यात गुंडाळून
सायकलवर बांधून आणलं.
मी म्हटलं, लोक कुत्री आणतात.

"फांद्यांना काही होत नाही," तो सांगतो,
"बघायचं ते मुळांचं.
रानात मुळांना सगळी जमीन असते.
कुंडीत चार बोटं माती."

म्हणून कुंड्या फरशीवर, भिंतीपासून वीतभर दूर,
भोवती पाचोळ्याची पोती,
वर खिळ्याला थर्मामीटर.
शून्याखाली दोन ते शून्यावर चार.
काटा त्यापलीकडे गेला की याला झोपेत कळतं.
माझ्या खोकल्यानं कधी जाग आली नाही.

पाणी घालत नाही. पेलाभर बर्फ
मातीवर ठेवून येतो,
लागेल तेव्हा पिईल म्हणतो.

मॅपल केव्हाच उघडा पडलेला.
प्रिव्हेट मात्र जानेवारीतही
जांभळी पडलेली सहा-सात पानं धरून बसतो,
मुदत संपलेल्या भाडेकरूसारखा.

मार्चमध्ये ग्दिनियाला त्याची बहीण गेली.
तो रात्रीच्या गाडीनं निघाला,
झाडांबद्दल एक शब्द न बोलता.

शनिवारी एकाएकी ऊन.
पत्र्यावरून धारा लागल्या,
शेजारच्या यागोदानं गाद्या बाहेर टाकल्या.
गॅरेजात काटा अकरावर.
आणि मला, कुंपणांशी काही देणंघेणं नसलेल्या मला,
चपला घालता घालता कळलं:
थंडीत तगलं, आता उबेला फसेल.
डोळे फुटतील,
आणि मंगळवारी पुन्हा उणे बारा.

दोन्ही दारं उघडली.
खिडकीवर घोंगडी ठोकली, चांगली होती.
उत्तरेच्या भिंतीशी काळपट बर्फ उरला होता,
तो फावड्यानं आणून
एकेका कुंडीभोवती थापला.
कमरेनं मध्येच दम घ्यायला लावला.
शेवटी डेअरीवाल्याच्या सालीवर
नखानं बारीक ओरखडा काढला.

हिरवं.
काकडीच्या सालीखाली असतं तसं, ओलं.

रात्री त्याचा फोन. घसा बसलेला.
माती वर मऊ होती म्हणाला, खाली दगड.
खणणाऱ्यांना दुपार झाली.
मग म्हणाला, तिकडे कसं?
म्हटलं, माझी गाडी सुरू होत नाहीये.

बराच वेळ फोनमध्ये नुसता श्वास.

मग हळूच:
किती अंश?

म्हटलं, तीन.