गैरहजर: एकतीस

पक्ष मला पैसे देतो ते त्याच्या चुका काढायचे.
तासाला अकरा पौंड, लोकरीच्या दुकानावरची खोली,
एकच कांडी पेटणारा हीटर,
आणि तोर्क्विल मॅकफीचं चौदा महिन्यांचं बोलणं,
एडिनबरोच्या सभागृहात शब्दन् शब्द टिपलेलं.

भाषणं बावीस.
लेखी प्रश्न एकशे सात. त्यांतले एकोणचाळीस बोटीचे.
बोट का आली नाही. नव्या बोटीत इंजिन कधी बसणार.
उत्तर तेच, मंत्री तेवढा बदललेला:
‘सदस्यांची कळकळ मी समजू शकतो.’
पुढच्या मंगळवारी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

एके ठिकाणी तो म्हणतो,
आमच्या वाचनालयात बोटीचं वेळापत्रक
कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवतात.
पुढे कंसात: हशा.
वाचनालय शनिवारी मी उघडते.
वेळापत्रक तिथे मीच ठेवलंय.
तो हशा माझा आहे, आणि जमा झालाय त्याच्या नावावर.
मी लाल पेन्सिलीने खूण केली. कसली, ते लिहिलं नाही.

मग मतदानं. गैरहजर: एकतीस.
हे हवं होतं त्यांना. एवढं एक वाक्य.
तारखा ताडून बघितल्या,
नऊ, दहा, अकरा फेब्रुवारी, सलग.

नऊला रुअरीमामाला नेलं.
आमच्याकडे शवपेटी गाडीत घालत नाहीत,
रस्ताभर पुरुष खांदा बदलत चालतात.
डावीकडे तिसरा तो होता,
शहरातले बूट, घोट्यापर्यंत चिखल.
संध्याकाळची बोट सुटली नाही.
रात्री तारा तुटल्या. ना दिवा, ना फोन.
तीन दिवस आमच्या मागच्या खोलीत घोरला,
खारवलेले हेरिंग खाल्ले, बटाटे सोलले, तेही जाड,
आईने नंतर सालं उचलून पाहिली होती.
दहा तारखेला तिकडे
बोटींच्या निधीचं मतदान झालं.
दोन मतांनी पडलं.
त्याचं एक धरलं तरी पडलंच असतं, मी दोनदा हिशेब केला.

नोंदीत खांद्याला रकाना नाही.
बरंच आहे. असता तर सगळेच खांदा द्यायला धावले असते.

मी लिहिलं: गैरहजर, एकतीस.
खोटं नाही त्यात काही.
आईला दाखवलं. तिने चष्मा लावला, काढला,
आणि विचारलं, जेवायला काय करू.

पत्रकं ग्लासगोला छापून झालीत, चार हजार.
गुरुवारच्या बोटीने येणार होती.
खिडकीतून धक्क्यावरची पाटी दिसते:
वाऱ्यामुळे फेरी रद्द.
मी हीटर बंद करते.
तास भरायला अकरा मिनिटं कमी आहेत.
तीही लावते.