पावशेर

सापडली तेव्हा तळहातावर मावली,
मुहर्रकच्या गच्चीवर, कंप्रेसरच्या आडोशाला.
वजन किती असेल, शाजीनं विचारलं.
मी हात खालीवर करून सांगितलं, पावशेर.
तेच नाव पडलं.
आता साडेतीन किलोची आहे.

नोव्हेंबरात शाजी रजेवर कोट्टयमला गेला
आणि सित्र्याच्या रिफायनरीत शटडाऊन लागला.
एकवीस दिवस. पहाटे पाचला बस,
परतायला रात्रीचे साडेआठ.
मांजराला कोण घालणार?

टँगचा मोठा डबा रिकामा होता.
एसीच्या ड्रेन पाइपचा एक एल्बो,
मनामाच्या सूकमधून सर्व्हो मोटर, दीड दिनार,
घड्याळाचं मॉड्यूल, अंगठ्याएवढं,
आणि अर्डुइनो, ज्याच्यावर अर्डुइनो हे नावच
चुकीच्या स्पेलिंगनं छापलेलं.
सोल्डरिंगचं काही नाही,
तांब्याच्या नळ्या जोडण्यात हयात गेली.
पण प्रोग्रॅम म्हणजे
चष्मा विसरून परक्या गावात पत्ता शोधणं.

अनुजा व्हिडिओवर, इस्लामपुरातून,
ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून:
"बाबा, ओळीच्या शेवटी काय राहिलं?"
पूर्णविराम, मी म्हणालो.
"अर्धविराम, बाबा. यांच्यात पूर्णविरामानं काही संपत नाही."
डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
मी इकडे आलो तेव्हा बाराखडी गिरवत होती.

पहिल्या चाचणीत झडप उघडली ती उघडीच राहिली.
किलोभर दाणे फरशीवर
आणि मधोमध पावशेर,
जन्मात पहिल्यांदा खाण्याला घाबरलेली.
मग दमट हवेनं दाण्यांचा गठ्ठा झाला,
बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी आत टाकली.
मग मोटर नुसतीच थरथरली,
मोबाइलचा जुना चार्जर जोडला तेव्हा कुठे अंगात बळ आलं.
आणि मग: चिर्रर्र. मूठभर. बंद.
मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

वेळा ठरल्या. सात, एक, सात.

पहिली पहाट. चहा उकळत होता, अजान व्हायची होती,
आणि पाठीमागे चिर्रर्र.
साडेचारला.
वायर तपासल्या, झडप तपासली,
मग स्क्रीन पाहिला: ०७:००.
घड्याळानं वेळ लॅपटॉपला विचारली होती,
आणि लॅपटॉप अनुजाचा जुना,
समुद्र ओलांडल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे तिकडे सात.
रोहिणी डब्यात पोळ्या भरत असेल,
एसटी चुकेल गं, म्हणत असेल.
एका आकड्याची दुरुस्ती. केबल समोर पडलेली.
खाली बसनं हॉर्न दिला.

रात्री करू म्हटलं. रात्री पाठ टेकली की संपलं.
करायचं राहिलं,
आणि मग राहू दिलं.
आता फ्लँजचे बोल्ट आवळताना
साडेदहा वाजले की वाटतं,
चला, दोन्ही घरांत जेवणं झाली.

नवव्या दिवशी दार उघडलं.
एरवी बुटांना अंग घासायला येते,
आली नाही. डब्याकडे तोंड करून बसलेली,
एक कान तेवढा माझ्याकडे.
राग कसा यावा?
एक तारखेला माझ्याही आत काहीतरी नव्वद अंशांत वळतं,
तिकडे खात्यात मूठभर पडतं,
बंद होतं.
बारा वर्षांत एकदाही अडकलं नाही.

पिन काढून ठेवली.
ओंजळीत दाणे घेऊन फरशीवर बसलो.
तिनं हुंगले, डब्याकडे पाहिलं,
मग तीन-चार खाल्ले. जीभ खरखरीत,
हाताला पडलेल्या घट्ट्यांनाही जाणवेल इतकी.

पिन परत लावली. स्क्रीन उजळला, २३:१८.
या वेळेला कोण जागं असणार,
तरी फोन लावला.
अनुजानं पहिल्याच रिंगला उचलला.
"बाबा, काय बिघडलं?"
काही नाही, म्हटलं.
चालतंय.