नावेतली उशी

नागीण उठून गेली, त्याला आता पाच महिने झाले.
डाव्या बरगडीखाली तिची वाट तेवढी राहिलीय.
रात्री साडेअकराला
त्या वाटेनं कुणीतरी तापलेली तार ओढत नेतं.

मी सगुणा भोरे. एकतीस वर्षं नाइट ड्यूटी,
मिरजेत, मिशनच्या दवाखान्यात.
दहापैकी किती दुखतंय, असं मी लोकांना विचारायचे
आणि आकडा तक्त्यावर लिहून पुढच्या खाटेकडे वळायचे.
आता माझं मलाच विचारते.
आठ.
लिहून घ्यायला कुणी नाही.

समोर दस्तगीरभाई जवारी काढत बसतात.
घोडीवर कानस, तार छेडून बघणं, पुन्हा कानस.
परवा म्हणाले, सिस्टर, माझ्यामुळं झोपमोड होते का?
म्हटलं, नाही हो. तुम्ही थांबलात
की माझी एकटीचीच तार वाजत राहते.

प्रार्थना करते. खोटं कशाला बोलू,
गुडघ्यावर नाही, बसूनही नाही,
उजव्या कुशीवर पडून, पदर बरगडीला लागू न देता.
'प्रभू' म्हणते, आणि पुढचं वाक्य सापडत नाही.
पाळकसाहेब येऊन गेले. म्हणाले, विश्वास कुठं कमी पडतोय का, बघा.
मी त्यांना चहा दिला, बशीत सांडेपर्यंत भरून.
विश्वास म्हणजे काय गोळी आहे, डोस वाढवायला?

मला एकच गोष्ट आठवत राहते, वादळातल्या नावेची.
तो मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय
आणि हा बाप्यांचा घोळका त्याला हलवून उठवतोय.
रविवारच्या शाळेत सगळ्यांना वादळ शमल्याचं कौतुक,
मला त्या उठवणाऱ्यांचाच राग यायचा.
अरे, दिवसभर ओपीडी केली होती त्यानं!
आंधळे, पांगळे, तापानं फणफणलेले,
गर्दीत मागनं झग्याचा काठ धरणारी ती बाई.
माझ्या वॉर्डात झोपलेल्या माणसाला
मी थर्मामीटरसाठीसुद्धा उठवू दिलं नाही.
शिकाऊ डॉक्टर चिडायचे. चिडू देत.

पुराच्या साली मी बहिणीकडं होते, कृष्णाघाटावर.
नावेतनं काढलं आम्हाला.
बारा माणसं, एक शेळी, कुणाची तरी शेगडी,
आणि वल्ह्यावर दुसरा गडी आल्याबरोबर
दोन रात्री जागलेला तो पोरगा
लाइफजॅकेटवर मान टाकून बसल्या जागी झोपला.
पाणी दारांच्या चौकटींवरनं चाललं होतं.
कुणी बोललं नाही. शेळीसुद्धा गप्प.
त्याच्या तोंडावर पाऊस पडत होता, तिथं मी पदर धरला.

काल रात्री एकला आकडा नऊ झाला.
अगदी तोंडाशी आलं होतं,
ऊठ, मी बुडतेय, तुला काहीच कसं वाटत नाही.
पण जीभ आवरली. जन्माची सवय.
म्हटलं, झोप तू. मीही जरा टेकते.
अर्धी उशी रिकामी होती,
किंवा झोपेतच त्यानं थोडी सरकवली, नक्की सांगता येत नाही.
फळ्यांना डांबराचा वास होता.
बरगडीखाली तार ओढली जातच होती,
पण शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं,
संथ, मिनिटाला चौदा. मी मोजले.
सिस्टरपणा काही जात नाही अंगातला.
चौदा, चौदा,
तेरा

सकाळी दूधवाला आला होता म्हणे, साडेसहाला.
मुबारकबीनं आपलं पातेलं पुढं केलं
आणि कडीकडे गेलेला त्याचा हात धरला,
उठवू नको रे सिस्टरला.

दुखणं आहे. सहा असेल, साडेपाच.
आज मोजायचं मनात नाही.
साडेआठला तिच्या दारात गेले, तर दूध तापवून ठेवलेलं,
वर जाड साय धरलेली.