पाव तोळा

टूसॉनहून निघायचं पहाटे साडेतीनला.
विजेच्या बिलाच्या पाठीवर मी लिहितेय:
पाणी तीन गॅलन, बर्फ, टोप्या,
विलकॉक्सच्या पुढे पेट्रोलचा भरवसा नाही,
डोलोरेसबाईंची दुर्बीण,
उजव्या काचेवरचा ओरखडा त्यांच्या नवऱ्याच्या वेळचा.
रात्रीचे नऊ, तरी कुंपणाच्या लोखंडाला
हात लावता येत नाही.

आप्पा टेबलाशी.
येवल्याला चाळीस वर्षं सराफीची पेढी,
आता चहाचा चमचाही बशीवर वाजतो.
"पक्षी केवढा?"
"तीन ग्रॅम."
डोळे मिटून त्यांनी मनात काटा धरला.
"पाव तोळा. चोवीस गुंजा, वर थोडी धूळ.
एवढ्यासाठी दीडशे मैल?"

मी सांगते, आपल्याकडे नाही हा.
शिंजीर म्हणावं तर शिंजीर फांदीला टेकतो,
हा फुलासमोर हवेतच उभा,
काळीज मिनिटाला हजारदा,
गळा नुसता काळा दिसतो
आणि मान जराशी वळली की
पेटतो.

"म्हणजे कोनाचं काम," आप्पा म्हणाले,
आणि मार्चपासून पहिल्यांदाच
खुर्ची पुढे ओढली.

मग यादी त्यांच्या ताब्यात गेली.
ऊन पाठीमागून हवं. दुपारचं नकोच,
दुपारी पितळसुद्धा सोनं दिसतं.
घडीच्या खुर्च्या दोन. धावायचं नाही,
मालामागे धावणारं गिऱ्हाईक फसतं.
काटा थांबेपर्यंत श्वास रोखायचा,
तुझा फोन, तुझं बोलणं, सगळं बंद.
साखरेचं पाणी एकास चार, त्यात रंग नको.
"रंग घालणारे सराफ मी पाहिलेत."

आणि नाहीच आला तर?
त्यांनी बिल उलटं केलं, आकडा वाचला.
"एसी चोवीस तास लावतेस," म्हणाले.

दीडच्या सुमारास जाग आली.
स्वयंपाकघरात दिवा, ओट्याशी आप्पा.
पाण्याचं पातेलं निवत ठेवलेलं
आणि शेजारी ती पत्र्याची डबी,
कस्टममधून कशी आणली कोण जाणे,
आत लाल गुंजा, काळ्या टोकाच्या.
चोवीस मोजून माझ्या तळहातावर ठेवताना
हात हलला,
दोन टाइल्सवर टणटणत कुठेतरी गेल्या.
मी शोधायला वाकले.

"राहू दे," आप्पा म्हणाले,
"पिल्लू असेल."